शिकवले, नेमले, आणि नंतर? मलावीच्या आरोग्य मनुष्यबळ कार्यक्रमाचा प्रकरण अभ्यास

विकसनशील देशांतील सरकारी नोकरवर्गाच्या प्रशिक्षणासाठी परदेशांतून मदत येते तेव्हा ती बहुधा ठरावीक वाटांनी येते. काहींना परदेशी विद्यापीठांत शिष्यवृत्त्या मिळतात, काही सल्लागार येतात, एखादी इमारत उभी राहते, आणि कार्यशाळा तर सतत चालूच असतात. शिकून तयार झालेल्या माणसाला कामावर ठेवण्याचा खर्च, म्हणजे त्याचा महिन्याचा पगार, मात्र देणगीदार देश सहसा उचलत नाहीत. पगार हा आवर्ती खर्च असतो, तो ज्या त्या सरकारने करायचा, अशी त्यांची जुनी भूमिका आहे. २००४ ते २०१० या काळात आग्नेय आफ्रिकेतील मलावी या देशात ही भूमिका काही काळ बाजूला ठेवली गेली. ब्रिटन, ग्लोबल फंड (एड्स, क्षयरोग आणि मलेरियाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय निधी) आणि अन्य काही देणगीदारांनी तेथील सरकारबरोबर जो ‘आणीबाणी मनुष्यबळ कार्यक्रम’ राबवला, त्यात प्रशिक्षणाच्या जागा आणि पगार या दोन्हींचा विचार एकाच आराखड्यात झाला. त्यामुळे काय साधले आणि मदतीचा ओघ आटल्यावर काय घडले, हे या प्रकरणात तपशिलाने पाहायचे आहे.

मलावी हा समुद्रकिनारा नसलेला, शेतीवर जगणारा आणि जगातील अत्यंत गरीब देशांत मोडणारा देश आहे. २००४ मध्ये त्याची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास होती आणि बहुतेक लोक खेड्यांत राहत होते. एचआयव्हीची लागण प्रौढांपैकी सुमारे १२ ते १४ टक्क्यांना झालेली होती. २००० च्या पाहणीनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे सुमारे १,१२० मातांचा मृत्यू होत होता. एवढ्या ओझ्यापुढे लाख लोकांमागे जेमतेम एक ते दोन डॉक्टर होते. त्या वेळच्या २६ जिल्ह्यांपैकी १० जिल्ह्यांत आरोग्य मंत्रालयाचा एकही डॉक्टर नव्हता आणि ४ जिल्ह्यांत तर कोणत्याच संस्थेचा डॉक्टर नव्हता. परिचारिकांची निम्म्याहून अधिक मंजूर पदे रिकामी होती. सरकारने गरिबांसाठी मोफत अत्यावश्यक सेवांची एक यादी तयार केली होती खरी, पण त्या सेवा द्यायला आवश्यक तेवढी माणसे देशातील फार थोड्या केंद्रांत होती.

ही टंचाई एका कारणाने उद्भवलेली नव्हती. स्वातंत्र्यानंतर जवळजवळ तीन दशके देशात वैद्यकीय महाविद्यालयच नव्हते. विद्यार्थी शिकायला परदेशी जात आणि त्यांतले बरेच तिथेच राहत. ब्लँटायर येथे कॉलेज ऑफ मेडिसिन १९९१ मध्ये सुरू झाले, परंतु पहिली दहा-बारा वर्षे त्यातून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांची संख्या वीसच्या आगेमागे राहिली. परिचारिकांचे शिक्षण कामुझू कॉलेज ऑफ नर्सिंग आणि मिशनरी रुग्णालयांना जोडलेली छोटी विद्यालये यांतून होत असे. पगार इतके तुटपुंजे होते की महागाईने त्यांची किंमत वर्षागणिक घटत होती. एचआयव्हीने खुद्द आरोग्य कर्मचाऱ्यांचेही बळी घेतले. नोकरी सोडून जाणाऱ्यांइतकाच, किंबहुना काही गटांत त्याहूनही मोठा, हा मृत्यूंचा वाटा होता. जे उरले त्यांतले कित्येक जण स्वयंसेवी संस्था आणि देणगीदारांच्या प्रकल्पांकडे वळले, कारण तिथे पगार कितीतरी अधिक होता. म्हणजे ज्या मदतीने सरकारी सेवा बळकट व्हायची, तीच मदत सरकारी वॉर्डातली अनुभवी परिचारिका आपल्या कार्यालयात नेऊन बसवत होती.

परदेशगमनाचा प्रश्न सर्वांत बोचरा होता. मँचेस्टरमध्ये जितके मलावी डॉक्टर आहेत तितके मलावीत नाहीत, असे त्या काळात वारंवार बोलले जाई. हे विधान शब्दशः खरे मानण्याची गरज नाही, पण त्यामागची चिंता खरी होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेला परिचारिकांची मोठी गरज होती आणि इंग्रजीत शिकलेल्या मलावी परिचारिका त्या गरजेत नेमक्या बसत होत्या. ब्रिटनने २००१ मध्ये भरतीची आचारसंहिता केली आणि मलावीसारख्या देशांतून सरकारी रुग्णालयांनी सक्रिय भरती करू नये असे ठरवले. तरी खासगी दलाल आणि खासगी शुश्रूषागृहांची वाट उघडीच राहिली. एका हाताने घेतलेली माणसे दुसऱ्या हाताने मदत देऊन भरून काढावी लागणे, हा ब्रिटनच्या मलावी धोरणातला अंतर्विरोध होता, आणि तो तेव्हाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनाही दिसत होता असे मानायला जागा आहे.

२००४ मध्ये ब्रिटनच्या आंतरराष्ट्रीय विकास खात्याचे प्रशासकीय प्रमुख सुमा चक्रवर्ती आणि यूएनएड्स या संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक यंत्रणेचे प्रमुख पीटर पिओ यांनी मलावीला भेट दिली. सामान्यपणे अशा भेटींतून एखादे निवेदन निघते आणि पुढचे काम समित्यांकडे जाते. इथे मात्र हा प्रश्न नेहमीच्या पद्धतीने सुटणार नाही, आधी माणसे टिकवावी लागतील आणि त्यासाठी पगाराला हात घालावाच लागेल, ही गोष्ट मान्य झाली. २००४ च्या अखेरीस ब्रिटनने आरोग्य क्षेत्रासाठी सहा वर्षांत १० कोटी पौंड देण्याचे जाहीर केले आणि त्यातले सुमारे ५.५ कोटी पौंड मनुष्यबळासाठी राखून ठेवले. ग्लोबल फंडाची रक्कमही या कार्यक्रमात आली. नॉर्वे वैद्यकीय आणि परिचर्या शिक्षणाला मदत करीतच होता. सर्व बाजूंनी मिळून कार्यक्रमावर सुमारे ९.५ कोटी अमेरिकी डॉलर खर्च झाले. पैसा वेगवेगळ्या प्रकल्पांत न विभागता बराचसा आरोग्य क्षेत्राच्या सामाईक निधीत घातला गेला, त्यामुळे मंत्रालयाला एकसंध योजना आखता आली.

कार्यक्रमाची रचना

पाच कामे हाती घेण्यात आली. मूळ पगारावर पूरक भत्ता देऊन माणसे टिकवणे आणि सोडून गेलेल्यांना परत आणणे हे पहिले. देशातील प्रशिक्षणाची क्षमता निम्म्याहून अधिक वाढवणे हे दुसरे. ही क्षमता तयार होईपर्यंतची पोकळी भरण्यासाठी व्हीएसओ ही ब्रिटिश स्वयंसेवक संस्था आणि संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवक यंत्रणा यांच्यामार्फत परदेशी डॉक्टर आणि परिचर्या-शिक्षक आणणे हे तिसरे. उरलेली दोन कामे मंत्रालयाच्या नियोजनाला तांत्रिक साहाय्य देणे आणि मनुष्यबळाची नोंद नीट ठेवणे अशी होती. त्या शेवटच्या दोहोंबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. पहिल्या दोहोंतच या प्रकरणाचे मर्म आहे, आणि पैशाचा मोठा भागही त्यांच्यावरच खर्च झाला.

पूरक भत्ता २००५ च्या एप्रिलपासून सुरू झाला. अकरा निवडक संवर्गांना, म्हणजे डॉक्टर, परिचारिका, क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टरांखालोखालचे उपचारक), प्रयोगशाळा आणि औषधनिर्माण तंत्रज्ञ अशांना, मूळ पगाराच्या ५२ टक्के इतकी वाढ मिळाली. मिशनरी संस्थांच्या संघाच्या, म्हणजे ‘चाम’च्या रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांनाही ती लागू करण्यात आली, कारण देशातील आरोग्यसेवेचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भार ही रुग्णालये वाहत होती आणि त्यांना वगळले असते तर तिथली माणसे सरकारी रुग्णालयांत आली असती, एवढाच फरक पडला असता. भत्त्यावर कर लागत असल्याने हाती पडणारी रक्कम ५२ टक्क्यांहून कमी होती, आणि वाढीच्या बातमीने ज्यांच्या अपेक्षा उंचावल्या होत्या त्यांची निराशा झाली. अकरा संवर्गांच्या बाहेर राहिलेल्यांत, म्हणजे कारकून, वॉर्डातले मदतनीस, वाहनचालक यांच्यात, साहजिकच नाराजी होती.

या भत्त्याला अर्थ खात्याच्या बाजूने सर्वांत मोठा अडथळा होता. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीबरोबरच्या कार्यक्रमात सरकारच्या पगारखर्चावर मर्यादा होती, आणि एका खात्याला वाढ दिली की शिक्षक, पोलीस, कृषी सहायक सगळेच ती मागतील, ही भीती निराधार नव्हती. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बाबतीत अपवाद करण्यामागचा युक्तिवाद असा होता की हे मनुष्यबळ आंतरराष्ट्रीय बाजारात विकले जाते आणि त्याच्या अभावी माणसे मरतात. हा युक्तिवाद मला पटतो. परंतु ज्या सरकारला हा अपवाद कायमचा निभवायचा आहे त्याने तो कशाच्या बळावर निभवायचा, याचे उत्तर २००४ च्या कागदांत ढोबळच राहिले. अर्थव्यवस्था वाढेल, कर्जमाफी मिळेल, मग सरकार हळूहळू हा भार उचलेल, अशी ती अपेक्षा होती. पहिल्या काही वर्षांत ती खरीही ठरली: २००६ मध्ये मलावीला मोठी कर्जमाफी मिळाली आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात अर्थव्यवस्था वेगाने वाढली.

प्रशिक्षणाच्या बाजूला कामाची गती पैशावर अवलंबून नव्हती, ती जागेवर आणि शिक्षकांवर अवलंबून होती. परिचर्या विद्यालयात पन्नासाऐवजी शंभर मुली घ्यायच्या तर त्यांना झोपायला खाटा हव्यात, स्वयंपाकघर मोठे हवे, पाणी हवे, ग्रंथालयात बसायला जागा हवी. बांधकामे रेंगाळली. इमारत झाली तरी शिकवणाऱ्यांची वानवा होती, कारण अनुभवी परिचारिकेला अध्यापनापेक्षा इतरत्र अधिक मिळत होते. सर्वांत कठीण प्रश्न प्रात्यक्षिकाचा होता. जिल्हा रुग्णालयाच्या प्रसूती वॉर्डात आधीच एका खाटेवर दोन बाळंतिणी असत, काही जमिनीवर चटईवर असत, आणि त्या गर्दीत एकाच तपासणीभोवती दहा-बारा विद्यार्थिनी दाटीने उभ्या राहत. पुढे असलेल्या दोघी-तिघींना हात लावायला मिळे, मागच्या फक्त ऐकत. नोंदवहीत मात्र सर्वांच्या नावापुढे ते कौशल्य पूर्ण झाल्याची खूण होई. प्रवेशसंख्या दुप्पट करणाऱ्या कोणत्याही आराखड्यात हा वॉर्ड मोजला गेला पाहिजे होता. तो पुरेसा मोजला गेला नाही.

कोणाला शिकवायचे

मलावीच्या निर्णयांतला मला सर्वांत विचारपूर्वक वाटणारा भाग डॉक्टरांविषयीचा नाही, मधल्या स्तराविषयीचा आहे. मलावीत क्लिनिकल ऑफिसर हा जुना आणि भक्कम संवर्ग आहे. काही वर्षांच्या शिक्षणानंतर हे लोक जिल्हा रुग्णालयात निदान करतात, औषधे लिहितात, भूल देतात आणि शस्त्रक्रियाही करतात. जिल्हा स्तरावरची बहुतांश सिझेरियन त्यांच्याच हातून होतात. परिचर्येतही पदवीधर नोंदणीकृत परिचारिकेखाली ‘नर्स-मिडवाइफ टेक्निशियन’ हा स्तर आहे. या दोन्ही संवर्गांचे शिक्षण कमी काळात आणि कमी खर्चात होते, शिवाय त्यांची पात्रता ब्रिटन वा अन्य श्रीमंत देशांत सहजी मान्य होत नाही. म्हणजे त्यांच्यावर केलेला खर्च देशातच राहण्याची शक्यता जास्त. प्रशिक्षण विस्ताराचा मोठा भाग याच स्तरावर पडला. यावर एक गंभीर आक्षेपही होता, की आपल्या लोकांना मुद्दाम असे शिक्षण द्यावे का ज्याला बाहेर किंमत नाही. हा आक्षेप हलकेपणाने घेता येत नाही, कारण तो खेड्यातून आलेल्या एखाद्या हुशार मुलीच्या आयुष्याविषयी आहे. पण वॉर्डात कोणीच नसण्याची पर्यायी शक्यता समोर असताना मलावीने घेतलेला निर्णय योग्य होता असे माझे मत आहे, फक्त त्या मुलीला पुढे वरच्या पात्रतेकडे जाण्याची शिडी अधिक रुंद ठेवायला हवी होती.

त्याहून खालच्या स्तरावर ‘हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंट’, म्हणजे गावपातळीवरचे आरोग्य साहाय्यक होते. साधारण हजार लोकांमागे एक असे प्रमाण ठरवून, काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन, ग्लोबल फंडाच्या पैशातून त्यांची संख्या काही वर्षांत सुमारे दुपटीने वाढवून दहा हजारांपलीकडे नेण्यात आली. आपल्याकडील आशा कार्यकर्तीशी त्यांची तुलना पटकन सुचते, पण एक फरक महत्त्वाचा आहे: आशाताईंना कामानुसार मोबदला आणि मानधन मिळते, तर मलावीचा हा साहाय्यक पगारी सरकारी नोकर आहे. त्यामुळे ही भरती करताना मलावीने एक कायमस्वरूपी पगाराचे दायित्व स्वीकारले, आणि ते दायित्व सुरुवातीला परक्या पैशावर उभे होते.

डॉक्टरांच्या बाबतीत स्थानिक महाविद्यालयाचा प्रभाव लक्षणीय ठरला. कॉलेज ऑफ मेडिसिनमधून बाहेर पडलेले बहुसंख्य डॉक्टर देशातच राहिले, हे त्याच्या पहिल्या पंधरा वर्षांतल्या पदवीधरांच्या पाहणीतून दिसले. देशातच शिकलेला डॉक्टर तिथल्याच रोगांवर, तिथल्याच अपुऱ्या साधनांत काम करायला शिकतो, आणि त्याची नाती, लग्न, घर तिथेच होते. पदव्युत्तर शिक्षणासाठी पूर्ण काळ परदेशी पाठवण्याऐवजी काही भाग देशात आणि काही भाग बाहेर अशी रचना महाविद्यालयाने स्वीकारली. शिष्यवृत्ती देऊन चार-पाच वर्षे परदेशात ठेवण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा हा मार्ग देणगीदारांना कमी आकर्षक वाटतो, कारण त्यात त्यांच्या विद्यापीठांना शुल्क मिळत नाही. पण पैसा स्थानिक विभाग उभारण्यावर खर्च झाला तर पुढच्या तुकड्यांचे शिक्षणही त्यातूनच होते.

आकडे आणि त्यांच्या आड

२०१० मध्ये कार्यक्रमाचे स्वतंत्र मूल्यमापन झाले. त्यानुसार निवडक अकरा संवर्गांतील कर्मचाऱ्यांची संख्या २००४ मधील ५,४५३ वरून २००९ मध्ये ८,३६९ वर गेली, म्हणजे ५३ टक्क्यांनी वाढली. प्रशिक्षण संस्थांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्यांची संख्या ९१७ वरून १,२७७ झाली, म्हणजे ३९ टक्के वाढ. गावपातळीवरचे साहाय्यक धरून हजार लोकांमागे आरोग्य कर्मचारी ०.८७ होते ते १.४४ झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये किमान मानलेला आकडा हजारी २.२८ होता, तोही केवळ डॉक्टर, परिचारिका आणि सुईणींचा. तेव्हा मलावी त्यापासून अजून फार दूर होता. परिचारिकांचे उद्दिष्ट गाठले गेले नाही.

तरीही या वाढीला कमी लेखू नये. त्याच वर्षांत मलावीने मोफत एचआयव्ही उपचारांचा विस्तार केला. २००४ मध्ये काही हजार रुग्ण औषधांवर होते; २००९ च्या अखेरीस ती संख्या दोन लाखांच्या जवळ गेली. हे शक्य झाले कारण उपचारपद्धती जाणीवपूर्वक साधी ठेवली होती आणि औषध सुरू करण्याचे काम क्लिनिकल ऑफिसर, त्यांच्याखालचे मेडिकल असिस्टंट आणि पुढे परिचारिकांकडे दिले होते. माणसे नसती तर औषधांचे खोके गोदामातच पडून राहिले असते. मातामृत्यूचे प्रमाणही घटत गेले आणि २०१० च्या पाहणीत ते लाखामागे ६७५ नोंदले गेले. ही घट एकट्या मनुष्यबळ कार्यक्रमामुळे झाली असे म्हणता येत नाही. पण प्रसूतीच्या वेळी शेजारी शिकलेले माणूस असण्याशी तिचा संबंध नाही असे म्हणणेही अशक्य आहे.

परदेशगमन कमी झाले त्याचे श्रेय वाटताना सावध राहावे लागते. त्याच सुमारास ब्रिटनने आपली दारे आतून लावली: परदेशी परिचारिकांच्या नोंदणीचे नियम कडक झाले आणि २००६ मध्ये सर्वसाधारण परिचारिकांना टंचाईच्या व्यवसायांच्या यादीतून काढण्यात आले. भत्त्याने किती जणी थांबल्या आणि व्हिसाने किती, हे वेगळे करणे कठीण आहे. जिथे भत्त्याचा परिणाम निःसंशय दिसतो ती जागा दुसरी आहे: सोडून गेलेल्या आणि निवृत्त झालेल्या परिचारिका सेवेत परतल्या आणि स्वयंसेवी संस्थांकडे जाण्याचा मोह थोडा ओसरला.

ग्रामीण केंद्रांपर्यंत हा लाभ कितपत पोचला, हा वेगळाच प्रश्न आहे. मलावीतील खेड्यातल्या आरोग्य केंद्रात बहुधा एक मेडिकल असिस्टंट आणि एक-दोन टेक्निशियन परिचारिका असतात. सकाळी बाह्यरुग्णांची रांग, मग गर्भवतींची तपासणी, बाळांच्या लसी, एचआयव्हीची औषधे, आणि रात्री प्रसूती. रुग्णाबरोबर आलेले नातेवाईक, ज्यांना तिथे ‘गार्डियन’ म्हणतात, तेच त्याला धुतात, भरवतात, आवारातल्या आडोशाला चूल पेटवून त्याचे अन्न शिजवतात. परिचारिकेला त्यासाठी वेळच नसतो. वीज अनेक केंद्रांत नव्हती आणि बाळंतपण रॉकेलच्या दिव्याच्या वा टॉर्चच्या उजेडात उरकले जाई. राहायला घर नसेल, मुलांना शाळा नसेल तर ५२ टक्के भत्ता तिला राजधानी लिलाँग्वे किंवा ब्लँटायरहून तिकडे ओढू शकत नव्हता, कारण तोच भत्ता तिला शहरातही मिळत होता. कर्मचारी निवासांचे काम कार्यक्रमात सर्वांत मागे पडले. दुर्गम भागासाठी वेगळा आणि मोठा भत्ता, आणि घर, यांवर आधी खर्च व्हायला हवा होता असे मला वाटते.

कार्यशाळांबद्दलही बोलायला हवे. सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी प्रत्येक देणगीदार आपापल्या विषयाचे प्रशिक्षण घेतो: क्षयरोगाचे वेगळे, मलेरियाचे वेगळे, नोंदी ठेवण्याचे वेगळे. त्याला जाणाऱ्यास दैनिक भत्ता मिळतो आणि पगार तुटपुंजा असल्याने हा भत्ता कुटुंबाच्या उत्पन्नाचा भाग होऊन बसतो. परिणामी केंद्रातली एकुलती एक प्रशिक्षित व्यक्ती आठवडाभर शहरातल्या हॉटेलात असते आणि केंद्राचे दार बंद असते. यात त्या व्यक्तीचा लोभ शोधण्यापेक्षा पगाराची रचना पाहावी. मूळ पगार सुधारला की भत्त्यांची ओढ घटते, हा पूरक भत्त्याच्या बाजूचा एक भक्कम युक्तिवाद होता. पण देणगीदारांनी कार्यशाळांचा पैसा कमी करून तो पगाराकडे वळवला नाही, दोन्ही शेजारी शेजारी चालू राहिले.

सहा वर्षांनंतर

कार्यक्रमाची मुदत संपली आणि त्याच सुमारास मलावीचे दिवस फिरले. चाम विद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या शुल्काला मिळणारा आधार आटला आणि गरीब घरांतल्या मुलींचे प्रवेश घटले. २०११ मध्ये अध्यक्ष बिंगु वा मुथारिका यांच्या सरकारने ब्रिटिश उच्चायुक्तांना देशाबाहेर जाण्यास सांगितले. त्यानंतर ब्रिटनने अर्थसंकल्पीय मदत थांबवली. परकी चलनाची आणि इंधनाची टंचाई झाली. २०१२ च्या एप्रिलमध्ये मुथारिका यांचे निधन झाले, जॉयस बांडा अध्यक्ष झाल्या आणि मे महिन्यात क्वाचा या मलावीच्या चलनाचे मोठे अवमूल्यन करण्यात आले. पुढील वर्षी महागाई ३० टक्क्यांपलीकडे गेली आणि पूरक भत्त्याने पगाराला जे मोल मिळाले होते ते बरेचसे नाहीसे झाले. २०१३ मध्ये सरकारी तिजोरीतून पैसे लुटले गेल्याचे ‘कॅशगेट’ प्रकरण बाहेर आले, आणि देणगीदारांनी सरकारमार्फत पैसा देणेच बंद केले. आरोग्य क्षेत्राचा सामाईक निधी, ज्याच्यामुळे हा सारा कार्यक्रम एकसंध राहिला होता, तोही मोडला. मदत पुन्हा वेगवेगळ्या प्रकल्पांत आणि स्वयंसेवी संस्थांकडे विभागली गेली.

प्रशिक्षण संस्था मात्र वाढलेल्या क्षमतेने चालूच होत्या. इथे प्रकरणाचा खरा पेच उघड झाला. २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात नव्याने पात्र झालेल्या परिचारिका आणि काही काळ तर नवे डॉक्टरही सरकारी नेमणुकीची वाट पाहत घरी बसले होते. पदे मंजूर होती, रिकामी होती, रुग्णालयांना माणसांची निकड होती, आणि शिकलेली माणसे देशातच होती. पगारासाठी तरतूद नव्हती. २००४ मध्ये माणसे नाहीत म्हणून पदे रिकामी होती. दहा-बारा वर्षांनी माणसे आहेत तरी पदे रिकामी राहिली. परक्या मदतीने शिक्षणाची बाजू टिकाऊ केली, पगाराची बाजू मात्र मुदतीची ठेवली. परिचारिका तीस-पस्तीस वर्षे नोकरी करते. तिला शिकवायचा आराखडा सहा वर्षांचा असेल आणि तिच्या पगाराचा आराखडाही त्याच सहा वर्षांचा असेल, तर सातव्या वर्षी काय होणार हे पहिल्या वर्षीच लिहून ठेवायला हवे.

यावर देणगीदारांचे जुने उत्तर असे की म्हणूनच आम्ही पगाराला हात लावत नाही. मला हे उत्तर उलटे वाटते. पगाराला हात लावला म्हणून मलावीत काही बिघडले नाही. पगाराला हात लावलेली सहा वर्षे हीच या सेवेची सर्वांत बरी वर्षे होती. चूक मुदतीत होती. अत्यंत गरीब देशाचे स्वतःचे महसुली उत्पन्न सहा वर्षांत इतके वाढत नाही की तो दीडपट मनुष्यबळ दीडपट पगारावर पोसू शकेल. वीस वर्षांची बांधिलकी, तिच्यात दरवर्षी थोडा थोडा घटणारा देणगीदाराचा हिस्सा, आणि राजकीय वाद झाला तरी पगाराचा भाग न रोखण्याची लेखी हमी, अशी रचना करता आली असती. उच्चायुक्त परत पाठवल्याची शिक्षा मलावीतल्या म्झुझू शहराच्या वॉर्डातल्या परिचारिकेला होऊ नये, इतके तरी कराराच्या कागदावर उतरवता येते.

दुसरी सुधारणा मंत्रालयाच्या हातातली होती. प्रवेशसंख्या ठरवणारे शिक्षण खाते, पदे मंजूर करणारे मनुष्यबळ खाते आणि पैसा देणारे अर्थ खाते यांची गणिते कधीच एका तक्त्यावर आली नाहीत. महाराष्ट्रातही कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हीच विसंगती आपण पाहतो: केंद्राच्या अभियानाच्या पैशातून माणसे नेमली जातात, वर्षानुवर्षे काम करतात, आणि त्यांना नियमित पदावर घेण्याची वेळ आली की राज्याच्या तिजोरीकडे बोट दाखवले जाते. पैसा परदेशातून आला काय किंवा दिल्लीतून आला काय, ज्याच्या आस्थापनेवर माणूस शेवटी राहणार त्याची संमती आणि तरतूद पहिल्या दिवशी घेतली नाही तर हेच होते.

मलावीतील कॉलेज ऑफ मेडिसिन आणि कामुझू कॉलेज ऑफ नर्सिंग यांचे २०२१ मध्ये एकत्रीकरण होऊन कामुझू आरोग्यविज्ञान विद्यापीठ झाले आहे. डॉक्टरांच्या तुकड्या आता १९९० च्या दशकाच्या कित्येक पट मोठ्या आहेत. मातामृत्यूचे प्रमाण २०१५-१६ च्या पाहणीत लाखामागे ४३९ पर्यंत खाली आले होते. मात्र ज्या ब्रिटिश खात्याने हा कार्यक्रम उभा केला ते २०२० मध्ये परराष्ट्र खात्यात विलीन झाले आणि ब्रिटनने परकी मदतीचे प्रमाण राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून आधी ०.५ वर आणले, पुढे २०२७ पर्यंत ०.३ वर आणण्याचे जाहीर केले. अमेरिकेने २०२५ च्या जानेवारीत परकी मदत गोठवली, त्यानंतर मलावीच्या एचआयव्ही सेवांत प्रकल्पांच्या पगारावर काम करणारे समुपदेशक, तपासनीस आणि नोंदणी कर्मचारी एकाएकी कामावरून कमी झाले. त्यांचे प्रशिक्षण झालेले होते, अनुभव होता, रुग्ण त्यांना ओळखत होते. पण त्यांची पदे मलावी सरकारच्या आस्थापनेवर कधी आलीच नव्हती.